जुनी मर्सिडीज खरंच दणकट होती का, आणि आजची जुनी गाडी घ्यावी का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांना २०१७ सालची ई-क्लास डिझेल मिळतेय, किंमत साधारण नव्या मध्यम एसयूव्हीइतकी. त्यांचे काका म्हणतात, "मर्सिडीज आहे, डोळे मिटून घे, ती गाडी मरत नाही." गॅरेजवाला मित्र म्हणतो, "त्या जुन्या गाड्या वेगळ्या, आताच्यांना हात लावू नको." दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, आणि मुळात या नावाला एवढा मान कशामुळे मिळाला, असं त्यांनी विचारलंय.

मी १९९६ पासून पुण्यात जर्मन गाड्यांवर काम करतोय, आधी नोकरीत आणि आता स्वतःच्या गॅरेजमध्ये. माझं उत्तर असं: काका ज्या काळाबद्दल बोलतायत तो साधारण १९९१ च्या आसपास संपला. मित्र त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल बोलतोय, आणि तोही काळ आता मागे पडला. तुमच्यासमोरची गाडी तिसऱ्याच काळातली आहे. म्हणून बोनेटवरच्या ताऱ्याकडे बघून निर्णय घेऊ नका. कुठल्या पिढीची गाडी आहे आणि तिची निगा कशी राखली गेली, एवढंच बघा. असं का म्हणतो, ते नीट समजायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

आपल्याकडे हे नाव आधी ट्रकमुळे पोहोचलं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. जमशेदपूरला बनणाऱ्या त्या ट्रकच्या नाकावर हाच तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. माझे वडील ट्रक चालवायचे. ते आणि त्यांच्या बरोबरीचे ड्रायव्हर पुढेही कित्येक वर्षं त्या गाडीला 'बेंझ'च म्हणत. भरलेला ट्रक खंबाटकी चढून वर आला की बोनेटवर थाप मारायची त्यांची सवय मला आठवते. श्रीमंती वगैरे त्या थापेत काही नव्हतं, घाटात दगा न देणाऱ्या यंत्राबद्दलची ती कृतज्ञता होती.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लग्नाच्या वऱ्हाडाला किंवा अष्टविनायकाला टेम्पो ट्रॅव्हलरने गेला असाल, तर मर्सिडीजच्या घराण्यातल्या इंजिनानेच तुम्हाला नेलंय. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवायला घेतलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी या मोटारीत होतं. आम्ही फिटर लोक त्या इंजिनाबद्दल आजही आदराने बोलतो, त्याचं कारण पुढे सांगतो.

सुरुवात झाली मानहाइम शहरात. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी 'गॅस इंजिनावर चालणाऱ्या वाहना'च्या पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाकं, एक सिलिंडर, ९५४ सीसी, आणि ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी. यंत्र तयार होतं, पण ते कुणी विकत घेईना. ते लोकांसमोर नेलं त्यांच्या पत्नी बेर्था यांनी. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. सुमारे १०६ किलोमीटर. पेट्रोल पंप ही गोष्टच तेव्हा नव्हती, म्हणून वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा द्राव इंधन म्हणून घेतला. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून साफ केली. इग्निशनची तार उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजायला लागले तेव्हा चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात ती. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली होती, म्हणून परत आल्यावर त्यांनी आणखी एक गिअर हवा असं नवऱ्याला सांगितलं. रस्त्यावर चालवून दोष काढायचे आणि ते दुरुस्त करून पुढची गाडी बनवायची, ही या घराण्याची पद्धत पहिल्या लांबच्या प्रवासापासूनची आहे. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही हकीकत पहिल्या आठवड्यात सांगतो.

त्याच सुमारास, तिथून शंभरेक किलोमीटरवर कानश्टाटला, गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख बागेतल्या शेडमध्ये वेगळंच इंजिन घडवत होते. 'मर्सिडीज' हे नाव त्यांच्या बाजूने आलं. एमिल येलिनेक हे नीस शहरात राहणारे ऑस्ट्रियन व्यापारी. श्रीमंत गिऱ्हाइकांना डाइमलरच्या गाड्या विकायचे आणि शर्यतीही लढवायचे. त्यांना जास्त ताकदीची, बुटकी, लांब गाडी हवी होती आणि तिला आपल्या मुलीचं नाव हवं होतं. मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची गाडी बनवली. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकलं. तिच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यामुळे थोड्या पाण्यात एवढं मोठं इंजिन थंड राहू लागलं. पुढे इंजिन, खाली लांब चौकट, मागे माणसं, हा मोटारीचा आकार तिथून रुळला. १९०९ मध्ये ताऱ्याची नोंदणी झाली, त्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तग धरण्यासाठी दोन्ही कंपन्या जून १९२६ मध्ये एक झाल्या. डाइमलरचा तारा आणि बेंझची पानांची माळ एकत्र आली.

पुढचा भाग बऱ्याच कौतुकाच्या लेखांत गाळला जातो. मला तो गाळायचा नाही. नाझी राजवटीत ही कंपनी त्या सत्तेच्या अगदी जवळ होती. हिटलरच्या मिरवणुकीतली भली मोठी '७७०' याच कंपनीची. युद्धात तिचे कारखाने ट्रक आणि विमानांची इंजिनं बनवत होते. १९४४ मध्ये कंपनीच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळपास निम्मे सक्तीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते, हे कंपनीने स्वतः मान्य केलंय. भरपाई म्हणून २ कोटी मार्क दिले ते १९८८ मध्ये, चाळीस वर्षांहून जास्त काळाने. नावाचा मान मोजताना हे बाजूला ठेवता येत नाही. उत्तम यंत्र बनवणाऱ्या हातांमध्ये गुलाम केलेल्या माणसांचेही हात होते.

युद्धानंतर मान परत मिळवला तो अभियंत्यांनी. त्यांच्यातलं एक नाव गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं: बेला बारेनी. तोवर समज असा की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. बारेनी यांनी हे उलटं करून दाखवलं. धडकेच्या वेळी गाडीचा वेग कुठेतरी जिरायला हवा. पुढचा-मागचा पत्रा ठरवून चुरगळला तर तो पत्रा वेग खातो. पत्रा कडक ठेवला तर तोच वेग माणसाच्या छातीवर आणि मानेवर येतो. म्हणून माणसं बसतात तो मधला पिंजरा मजबूत ठेवायचा आणि दोन्ही टोकं मऊ करायची. १९५१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये या तत्त्वावरची पहिली गाडी बाजारात आली. त्याच वर्षी झिंडेलफिंगनला गाड्या भिंतीवर आदळून बघायला सुरुवात झाली. आधी ग्लायडर ओढायच्या विंचने गाडी खेचत, मग उकळत्या पाण्याच्या वाफेवर चालणारं रॉकेट मागे लावून. बारेनींच्या नावावर अडीच हजारांहून जास्त पेटंट आहेत. अपघातात गाडीचा पुढचा भाग पार चेपलेला बघून लोक म्हणतात, "काय पत्रा हा, कागदासारखा." तो पत्रा तसा चेपला म्हणूनच आतला माणूस चालत बाहेर येतो, हे मी आजही आठवड्यातून एकदा तरी कुणाला समजावतो.

पुढे १९७८ मध्ये सुटे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीबरोबर एस-क्लास या सगळ्यात मोठ्या मॉडेलमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) आलं, १९८१ मध्ये एअरबॅग, १९९५ मध्ये ईएसपी (गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून ती सावरणारी यंत्रणा). आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ मध्ये. मधल्या चार दशकांत आपल्या रस्त्यांवर किती माणसं गेली, याचा विचार केला की मन बसतं. माझ्या मते या कंपनीचं जगाला सगळ्यात मोठं देणं हेच. लाकूड, चामडं, बोनेटवरचा तारा हे सगळं त्यापुढे किरकोळ आहे. अर्थात एवढं सगळं असूनही बेल्ट लावला नाही तर उपयोग शून्य. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीजच्याच अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागच्या सीटवर बसलेले सहप्रवासी गेले. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

आता काकांच्या गाडीकडे येतो. १९७६ ते १९८६ ची डब्ल्यू १२३ आणि १९८४ पासूनची डब्ल्यू १२४ (हे कंपनीने त्या त्या पिढीला दिलेले क्रमांक), 'मरत नाही' ही ख्याती या दोघींची आहे. ओएम ६१६ चं उदाहरण घ्या. २.४ लिटरच्या इंजिनातून जेमतेम ६५ ते ७२ अश्वशक्ती. आज तेवढ्याच आकारातून तिप्पट काढतात. म्हणजे ओतीव लोखंडाच्या त्या ब्लॉकवर, पिस्टनवर, बेअरिंगवर ताण फारसा पडतच नव्हता. टायमिंग चेन दुहेरी. डिझेलचा पंप पूर्ण यांत्रिक, कुठेही कॉम्प्युटर नाही. बंद पडलं तरी साध्या हत्यारांवर, रस्त्याच्या कडेला उघडता यायचं. जर्मनीत, मोरोक्कोत, बैरूतमध्ये टॅक्सीवाले या गाड्या वापरत. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची २४० डी इंजिनं बदलत-दुरुस्त करत ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली.

डब्ल्यू १२४ तर मी शिकलो ती गाडी. १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून पिंपरीत हीच ई-क्लास जोडली जाऊ लागली. युरोपात तेव्हा तिची पुढची पिढी आली होती, आपल्याला जाणारी पिढी मिळाली, अशी टीका झाली. आज मागे वळून बघताना वाटतं की आपल्याला चांगली गाडी मिळाली. तिचा एकच वायपर बघायला आम्ही शिकाऊ मुलं पावसात उभे राहायचो. तो फिरता फिरता बाहेर सरकतो आणि कोपऱ्यांपर्यंत पोहोचून काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. कोपऱ्यात राहणारं पाणी नको म्हणून कुणीतरी एवढी यंत्रणा वायपरच्या बुडाशी बसवली होती. मागच्या प्रत्येक चाकाला पाच आर्म होते. खड्डा, वळण, ब्रेक काहीही असो, चाक रस्त्यावर सरळ राहावं म्हणून. आधी अभियंत्याने गाडी ठरवायची आणि खर्चाचा हिशेब नंतर मांडायचा, अशी ती पद्धत होती.

ती पद्धत १९९१ च्या एस-क्लासबरोबर संपली. त्या गाडीवर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. त्यातच १९८९ मध्ये जपानी लेक्सस त्याहून खूप कमी किमतीत तितकीच शांत गाडी घेऊन आली. स्टुटगार्टच्या मुख्यालयाने हिशेब उलटा केला: आधी किंमत ठरवायची, मग तेवढ्यात बसेल अशी गाडी बनवायची. बाजाराच्या दृष्टीने ते अपरिहार्य होतं, हे मी मान्य करतो. पण परिणाम दिसलाच. नव्वदच्या मध्यातल्या काही मॉडेलांत वायरिंगचं इन्सुलेशन उष्णतेने चुरा होत गेलं. १९९५ नंतरच्या ई-क्लासला युरोपात चाकांच्या कमानींवर आणि दरवाज्यांच्या कडांना गंज लागला. १९९८ मध्ये क्रायस्लरशी लग्न झालं, ते २००७ मध्ये मोडलं. मधल्या काळात पायाचा दाब विजेच्या संदेशाने पोहोचवणारी नवी ब्रेक प्रणाली आली. तिच्यामुळे २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मार्च २००५ मध्ये आणखी १३ लाख गाड्या ब्रेक आणि विजेच्या दोषांसाठी परत बोलावल्या. तुमचा मित्र बोलतोय तो हा काळ.

पण याच काळातली एक घटना मला कंपनीच्या बाजूनेही सांगायची आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत नवी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर गाडी झटकन वळवून परत आणायची, अशी ती चाचणी. कंपनीने आधी हात झटकले, मग गाड्यांचा पुरवठा सुमारे तीन महिने थांबवला आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी विनाशुल्क दिलं. तोवर ईएसपी ही मोठ्या गाड्यांची चैन होती. छोट्या गाडीत ती आली ती या नामुष्कीमुळे. चूक झाल्यावर ती इतक्या खोलवर जाऊन सुधारणारी कंपनी मला विश्वासाला पात्र वाटते. डिझेलच्या धुराच्या बाबतीत मात्र तसं म्हणता येत नाही. धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याच्या आरोपांवरून २०२० मध्ये अमेरिकेत सरकार आणि गाडीमालकांशी तडजोड करण्यासाठी त्यांना सुमारे २.२ अब्ज डॉलर मोजावे लागले.

तिसरा काळ साधारण २००९ नंतरचा. गंजाचा प्रश्न मिटला, इंजिनं सुधारली. चाकणचा कारखानाही २००९ चा, आणि तुमच्यासमोरची लांब व्हीलबेसची ई-क्लास तिथेच बनलेली. ही गाडी शांत आहे, सुरक्षित आहे, महामार्गावर पाठ दुखू देत नाही. पण ती काकांच्या गाडीसारखी दुर्लक्ष सहन करत नाही. डब्ल्यू १२३ ला उशिरा तेल बदललं तरी चालायचं. हिच्यात डझनावारी कंट्रोल युनिट आहेत, टर्बो आहे, धूर गाळणारा फिल्टर आहे. नुसत्या शहरात पाच-पाच किलोमीटर फिरवली तर तो फिल्टर चोंदणार. म्हणून पहिला प्रश्न तुमच्यासाठीच: तुमचं रोजचं चालवणं कसं आहे? आठवड्यातून एकदा नाशिक-मुंबई होत असेल तर डिझेल घ्या. शाळा आणि बाजार एवढंच असेल तर पेट्रोलची गाडी शोधा.

गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असताना जा. आदल्या रात्री मालकाला सांगा, सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका. एअर सस्पेन्शन असेल तर रात्रीतून एखादा कोपरा बसलाय का बघा. सुरू करताना आवाज ऐका, धूर बघा. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. तळाला मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे, तिथून निघून या. असा एक बेल्ट मी चार वर्षांपूर्वी एका जर्मन गाडीचा ओढला होता. मालकाने ती महिन्याभरापूर्वीच घेतली होती, आणि सीटखालच्या वायरिंगला हिरवा गंज चढला होता. त्याला ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

कागद बघताना नोंदणी कुठली ते बघा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले होते, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्या वाईटच असतात असं नाही, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि फेरनोंदणीचा खर्च किमतीत धरा. सर्व्हिसची नोंद डिजिटल असते. अधिकृत केंद्रात गाडी क्रमांक देऊन ती मागा आणि किलोमीटर वर्षागणिक वाढत गेलेत का ताडून बघा. मीटर मागे फिरवलं तरी दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये जुना आकडा बरेचदा राहतो. चांगल्या स्कॅनरवर तो सापडतो. बिलांवर तेलाचा प्रकार बघा. डब्यावर कंपनीचा २२९ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असलेलंच तेल हवं. गिअरबॉक्सचं तेल बदललंय का, हेही विचारा. "ते लाइफटाइम असतं" असं उत्तर आलं तर बदललेलं नाही असं धरून चाला.

खरेदीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षासाठी निदान दोन-अडीच लाख बाजूला ठेवा. टायर, ब्रेक, बुश, बॅटरी यातलं काहीतरी निघतंच. तेवढे पैसे वेगळे काढता येत नसतील तर ही गाडी आत्ता नको. सगळं जमत असेल तर आधी पूर्ण स्कॅन आणि रॅम्पवर खालून तपासणी करून घ्या. खर्च दोन-चार हजारांचा. मालक तपासणीला नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. हो म्हणाला तर स्कॅनचा कागद आणि सर्व्हिसच्या नोंदी इथे टाका, मी ओळीओळीने बघून सांगतो.